मामांचा रॅक

मामा, आधी तक्रार ऐकून घ्या, रडायचं ते मग बघू. तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. त्या दिवशी सकाळी मंगलचा फोन आला, "ताई, बाबा अंघोळ करून चहाला बसले, अन् बसल्याबसल्याच गेले," आणि मी लॅबला कुलूप लावून तशीच गारखेड्याला तुमच्या घरी पळाले. पुढचे दोन दिवस लॅबकडं कुणी फिरकलं नाही. जंतू उबेत वाढवायचा इन्क्युबेटर मात्र चालूच राहिला, आत ट्यूबांचे दोन रॅक तसेच. तिसऱ्या दिवशी उघडून बघते तर काय, प्रत्येक ट्यूबवर जाड साय! थेंब काचपट्टीवर घेतला, यीस्ट मिसळलं, आणि दहा मोजायच्या आत दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या. इतका देखणा रिझल्ट मला कितीतरी वर्षांत आला नव्हता. म्हणजे जाता जाता तुम्ही तुमचंच खरं केलंत. मामा रजेवर गेले की शुभांगीचे जंतू चिकटतात.

अफरीन, माझी आत्ताची विद्यार्थिनी, काचपट्टी बघून आनंदानं ओरडली आणि मग माझा चेहरा बघून मागं सरकली. मला हसू येत होतं आणि नाकातून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, मॅडमचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंच होतं की.

तुम्हाला न ओळखणारं कुणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. तुम्ही आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबचे अटेंडंट. आपल्याकडं कॉलेजात अटेंडंटला सगळे मामाच म्हणतात, पण तुम्ही ते नातं फारच मनावर घेतलं होतं. कुणी डबा खाल्ला नाही, कुणाची लग्नाची बोलणी चालली आहेत, कुणी सरांसमोर खोटं बोललं, सगळ्याची चौकशी. काचेचं सामान धुणं, जंतूंसाठी खाऊ शिजवणं, सगळं वाफेत निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावणं, ही तुमची कामं. कन्नड तालुक्यातल्या धनगराच्या घरातले तुम्ही, वडील आणि भाऊ मेंढरांमागं, तुम्ही एकटेच ट्यूबांमागं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी रोज सकाळी लुना काढून लॅबला हजर. "डॉक्टर म्हणला फिराय पायजे, फिरतोय," असं म्हणायचात. लुनावर बसून कोण फिरतं हो?

मी पीएच.डी.ला आले तेव्हा अंगात लई मस्ती होती. विद्यापीठात पहिली आलेली, इंग्रजी फाडफाड, आणि अक्कल बेताची. तुम्ही पहिल्याच दिवशी मला "या डॉक्टरीणबाई" म्हणालात. चिडवताय की मान देताय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा विषय तुम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात चहा पिताना सांगितला होता, कारण लॅबमध्ये चहाचा कप दिसला की तुमच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. काही बायकांना लघवीचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. ते जंतू लघवीच्या धारेबरोबर वाहून का जात नाहीत? तर त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. तंतूच्या टोकानं ते आपल्या पेशीवरची एक साखर पकडतात आणि घट्ट बसून राहतात. गंमत अशी की हे केस कायमचे नसतात. जंतूच्या डीएनएत एक छोटा तुकडा आहे. तो एका दिशेला असला की केसांची जनुकं चालू, उलटला की बंद. म्हणून एकाच जंतूच्या पिलावळीत काही केसाळ, काही गुळगुळीत. हा तुकडा कधी उलटतो, कशानं उलटतो, ते मला बघायचं होतं. तपासणी सोपी होती. यीस्टच्या अंगावरही तशीच साखर असते, केसाळ जंतू तिला धरतात आणि काचपट्टीवर गुठळ्या दिसतात. गुठळी आली म्हणजे केस आले.

"कोण उलटवतं त्यो तुकडा?" तुम्ही विचारलं.

म्हटलं, दोन प्रथिनं आहेत. एक दोन्हीकडं उलटवतं, चालूचं बंद आणि बंदचं चालू. दुसरं मात्र बहुतेक बंदच करतं.

"मंग ते दुसरं माझ्यावाणी," तुम्ही म्हणालात, "येता-जाता पंखे बंद करणारं." आणि खरोखर उठून आतला पंखा बंद करून आलात. आत माझे मार्गदर्शक सर बसले होते, तरी.

आता त्या आठ महिन्यांवर येते. टाळून चालणार नाही.

पुस्तकात लिहिलेलं की ट्यूबमध्ये जंतू घालून अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवले की केस उगवतात. मी ठेवत होते. कधी गुठळी यायची, बहुतेक वेळा यायची नाही. काचपट्टीवर नुसतं पांढुरकं पाणी. मी खाऊ बदलला, जंतू बदलले, यीस्ट बदललं. लाइट कधी जाते त्याची नोंद ठेवली. एकदा तर चतुर्थी-अमावास्या पण ताडून बघितली, हे सरांना सांगू नका. आठव्या महिन्यात सरांनी माझी वही बाजूला सारली आणि म्हणाले, "तुझ्या हातालाच स्थिरता नाही." माझं डोकं फिरलं. आणि समोर तुम्ही धुतलेल्या ट्यूबांचा ट्रे घेऊन उभे. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, मामा ट्यूबा नीट धूत नाहीत. साबण राहतो, त्यानं माझे जंतू बिघडतात."

तुम्ही ट्रे टेबलावर ठेवलात. एक ट्यूब उचललीत, दाराबाहेरच्या माठातलं पाणी तिच्यात भरलंत आणि घटाघटा पिऊन टाकलंत. सगळी हयात 'लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाय' म्हणून पोरांवर खेकसणारा माणूस! मग ट्यूब उपडी करून मला दाखवलीत आणि म्हणालात, "दोन दिवसांत मेलो तर तुझं खरं. नाय मेलो तर लिव्हून देशील का, की ट्यूबा स्वच्छ व्हत्या?"

मी वही उचलून चालती झाले. लाज वाटत होती, पण राग जास्त होता. पुढचे तीन आठवडे तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. कपाटातल्या जुन्या ट्यूबा पण काढून धुतल्यात, आणि माझ्या ट्यूबा तर दोनदा. ते बघून मला आणखीच राग यायचा.

सुटका झाली ती ऑफिसच्या हजेरीपुस्तकामुळं. स्कॉलरशिपच्या कागदावर सही घ्यायला गेले होते, क्लार्क कुठंतरी चहाला, आणि पुस्तक उघडं. तुमच्या नावापुढं लाल शाईत 'रजा, रजा', दोन-दोन दिवस. भावाची मेंढरं गावाजवळ आली की तुम्ही कधी लोकर कातरायला, कधी औषध पाजायला कन्नडची एसटी धरायचात, ते सगळ्यांना माहीत होतं. पण तारखा बघून मी पिशवीतली प्रयोगाची वही काढली आणि ताडून बघितल्या. माझ्या गुठळ्या आल्या त्याच तारखा! आठ महिन्यांत चार वेळा गुठळ्या, आणि चारही वेळा मामा कन्नडला.

दुसऱ्या दिवशी मी साडेआठलाच लॅबला आले आणि ऑटोक्लेव्हच्या आडोशाला स्टूल टाकून बसले. स्वतःच्या लॅबमध्ये चोरासारखी. तुम्ही आलात, चपला काढल्यात, दिवा लावलात, इन्क्युबेटर उघडलात. माझा रॅक बाहेर काढलात आणि एकेक ट्यूब दोन तळव्यांमध्ये धरून रवी फिरवावी तशी फिरवायला लागलात. वर बोलत होतात, "उठा रे, उठा. लई झोपला." ट्यूब फिरवायची, मोजायची, ठेवायची. मेंढरं सकाळी उठवून मोजतात तसं. सगळ्या वीस मोजत आणल्यात.

शेवटची तुमच्या हातात असतानाच मी बाहेर उडी मारली. तुम्ही दचकून "आत्ता गं बया!" म्हणालात आणि एक ट्यूब खाली पडून फुटली. ती एक फुटली, तेवढीच.

"मामा, हे रोज करता?"

"व्हय की. सकाळी, जेवायच्या आधी, जेवल्यावर, घरी जाताना. वर साय धरती, खाली गाळ बसतो. आजारी पडल्यागत दिसत्यात. ढवळलं की कसे हुशार व्हतात बघ."

मामा, ती साय म्हणजेच तर माझा रिझल्ट होता! ट्यूब शांत ठेवली की खाली हवा पोचत नाही. केसाळ जंतू एकमेकांना धरून वर तरंगतात, हवेत बसतात, त्यांची पिलावळ वाढते. ढवळलं की सगळ्यांनाच हवा मिळते, केसांचा काही फायदा उरत नाही, आणि गुळगुळीत पुढं जातात. तुम्ही दिवसातून चारदा मायेनं माझी पीएच.डी. मोडत होतात.

मी ओरडले, "म्हणजे तुम्हीच! तुमच्यामुळंच!"

तुम्ही शांतपणे विचारलंत, "म्हंजे ट्यूबा स्वच्छ व्हत्या ना?"

"ट्यूबांचं काय घेऊन बसलात?"

"स्वच्छ व्हत्या का नाय, तेवढं सांग."

"होत्या हो, होत्या."

"मंग लिव्ह."

लिहिते म्हटलं. आणि त्यावर तुम्ही उलट मलाच धरलंत, "अन् तुझ्या कागदावर 'हलवू नये' असं कुठं लिव्हलं व्हतं गं? मला सपान पडायचं का?" ते मात्र बरोबर होतं. मी कुठंच लिहिलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही स्वतःच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून माझ्या रॅकला चिकटवलीत, 'हलवू नये, डॉक्टरीण मारील'.

पण तुमच्या हातांना चैन पडेना. दोन दिवस तुम्ही इन्क्युबेटरच्या दाराशी घुटमळत होतात. शेवटी सरच हसून म्हणाले, "अगं, तुलना करायला एक ढवळलेला संच लागेलच. त्यांना देऊन टाक." तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रयोगात दोन रॅक असतात. एकावर 'हलवू नये', दुसऱ्यावर नुसतं 'मा'. तो तुमचा. पुढच्या पोरांना वाटायचं, 'मा' म्हणजे माध्यम, जंतूंचा खाऊ. एकानं तर प्रेझेंटेशनमध्ये तसं छापलंसुद्धा. मी दुरुस्त केलं नाही, आळस म्हणा.

ज्या प्रकरणावर माझी पीएच.डी. उभी राहिली, ते तुमच्या ढवळण्याचंच. शांत असताना किती जंतूंचा तुकडा चालूकडं वळतो, ढवळल्यावर किती बंदकडं, सगळं तुमच्या रॅकशेजारी ठेवून मोजलं. तुम्ही मात्र एका गोष्टीवर अडून बसलात. "सगळेच का नाय केसाळ व्हत? चिकटणं एवढं चांगलं, तर?" मी सांगितलं, केस दिसले की शरीरातल्या पांढऱ्या पेशी ओळखतात, पकडतात. म्हणून काही गुळगुळीत राहिलेले बरे, तेवढे तरी वाचतात. तुम्ही मान हलवलीत. "आमचा बाप दुष्काळात आर्धी मेंढरं घाटाकडं धाडायचा अन् आर्धी दौलताबादकडं. एका रानात काय झालं तर दुसरी ऱ्हायली पायजेत. म्हंजे त्याला कळतं."

"कोणाला?"

"जंतूला."

"कळत नाही मामा, नुसतं उलटतं. आपोआप."

"आपोआप कसं? बापाला कळत व्हतं."

इथं आपलं भांडण सुरू झालं आणि कधी संपलंच नाही. वर्षानुवर्षं सकाळचा चहा आणि हेच. मी म्हणायची, जो कळप चुकून वाटला गेला तो उरला, म्हणून आता सगळे वाटलेले दिसतात. तुम्ही म्हणायचात, "चुकून एकदा व्हतं, रोज नाय." कालपरवा मी वर्गात हाच मुद्दा शिकवत होते आणि तोंडातून निघून गेलं, "जंतूला कळतं." पोरांनी वहीत लिहूनही घेतलं. घ्या, जिंकलात.

आता तो कागदाचा विषय. तुम्हाला कबूल करून मी घरी गेले, कामात बुडाले, प्रबंध लिहायला बसले. पद्धतीच्या प्रकरणाला जुना प्रगती अहवाल तसाच उचलून चिकटवला, घाईत सगळेच करतात. त्या अहवालात एक वाक्य होतं, मी रागात असताना लिहिलेलं: 'सुरुवातीच्या निष्कर्षांतील तफावतीस काचसामानाची अपुरी स्वच्छता कारणीभूत असू शकते.' ते तसंच राहिलं. काळं कापड, सोनेरी अक्षरं, पाच प्रती बांधून झाल्या. तुम्ही पेढे खाल्लेत, एक प्रत हातात घेऊन मंगलकडून वाचून घेतलीत. ती तेव्हा बारावीत होती, इंग्रजी शब्दांना अडखळत, मराठीत अर्थ सांगत वाचत होती, आणि त्या वाक्याला आली तेव्हा थांबली. तुम्ही "पुढं वाच" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मला एवढंच विचारलंत, "ते वाक्य काढता येईल का?"

"छापून झालं मामा. कोण वाचतंय?"

"मी वाचलं."

ऋणनिर्देशात तुमचं नाव पण नव्हतं, 'सर्व शिक्षकेतर कर्मचारी' एवढंच. ते तुम्ही हसण्यावारी नेलंत, "मी इतरांत व्हय!" म्हणून. पण ट्यूबांचं कधी हसण्यावारी नेलं नाहीत. अधूनमधून, मला नोकरी लागली तेव्हा, माझ्या मुलाच्या बारशाला, तुमच्या निरोप समारंभात हार घालून घेताना, हळूच विचारायचात, "लिव्हलं का?" मी म्हणायची, लिहिते हो मामा. त्या हारातूनसुद्धा विचारलंत!

मागच्या वर्षी तुम्हाला स्वतःलाच तो लघवीचा संसर्ग झाला. दवाखान्यात भेटायला आले तर तुम्ही लघवीची पिशवी हातात धरून वॉर्डभर फेऱ्या मारताय आणि नर्स मागं धावतेय. "आजोबा, झोपून राहा!" आणि तुम्ही, "झोपून कसं? पडून ऱ्हायलं की साय धरती. ही तिची पोरं हायत," माझ्याकडं बोट करून, "मला म्हाईत हायत त्यांच्या खोड्या." अख्खा वॉर्ड हसला. मी त्या दिवशी घरून ठरवून आले होते की माफी मागायची. हसता हसता राहून गेलं. तुम्ही बरे झालात, लुनावर परत आलात, आणि मला वाटलं, आता काय, वेळच वेळ आहे.

काल गारखेड्याला गेले होते. मंगलनं तुमचा लॅबचा पांढरा कोट घडी घालून ठेवलाय, धुऊन, इस्त्री करून. मी तिला सगळं सांगितलं, ट्यूब, पाणी, ते वाक्य. तिला माहीतच होतं. म्हणाली, "बाबा म्हणायचे, ती लिव्हील. लई उशीर लावील, पण लिव्हील." मग मी तिथं बसून भोकाड पसरलं, आणि मंगलनंच मला चहा दिला. उलटंच झालं सगळं.

आज सकाळी साडेआठला लॅब उघडली. चपला काढल्या, दिवा लावला. अफरीनला बोलावून सांगितलं की 'मा' म्हणजे माध्यम नाही, मामा. तिला आधी खरं वाटेना, मग डोळे मोठे करून ऐकत राहिली. तुमच्या रॅकवर नव्या ट्यूबा होत्या. एकेक तळव्यात धरून फिरवली. "उठा रे" म्हणायला आधी लाजले, मग म्हटलं. माझे तळवे तुमच्यासारखे रुंद नाहीत, दोन ट्यूबांच्या तोंडाचे कापसाचे बोळे ओले झाले. तुम्ही असतात तर रागावला असतात.

मग विभागाच्या ग्रंथालयात गेले. माझा प्रबंध वरच्या कप्प्यात, धुळीत. ते पान उघडलं आणि त्या वाक्याखाली एक चिठ्ठी चिकटवली. खाली माझं पूर्ण नाव, सही आणि आजची तारीख. अक्षर जरा वाकडं आलंय, पण वाचता येतं:

'वरील विधान चुकीचे आहे. ट्यूबा स्वच्छ होत्या.'

लिव्हलं, मामा.